एका अक्षराचा रंग

मला बघायला पाहुणे येणार असले, की आई धाकटीला चारकोपला मावशीकडे पाठवायची. ती गोरी, मी काळी. माझ्या शेजारी ती दिसायला नको. तरी नकार यायचेच.

आता मी मुलुंडच्या कॉलेजात शिकवते: रंगपेशीतल्या पडद्यातून क्षारांची ने-आण करणारं एक प्रथिन असतं. त्याच्या जनुकात एक अक्षर बदललं, की कातडी उजळते. आई-बाबांकडे तसं बदललेलं एकेक जनुक असणार. दोन्ही धाकटीलाच मिळाली. मेलीने एकही माझ्यासाठी सोडलं नाही!

परवा आईसमोरच तिला हे ऐकवलं. ती म्हणाली, "ताई, दर वेळी घराबाहेर मलाच काढायचे गं," आणि रडायला लागली. नाक लालबुंद झालं. आई पाणी घेऊन तिच्याकडे धावली.

रडत मीही होते. माझं नाक लाल दिसत नाही.