गालावर चीर असलेलं नाणं

देवघरातलं खरं चांदीचं नाणं मी माझ्या हातानं मळ्यातल्या विहिरीत सोडलं आणि तांब्याचं ठेवून घेतलं. नुसतं ठेवलं नाही, जन्मभर त्याला हळदकुंकू वाहिलं. एवढी हुशार सून आख्ख्या भूम तालुक्यात दुसरी झाली नसेल.

लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंच्या देवघरात, टाकांच्या शेजारी, दोन जुनी नाणी होती. दोन्हींवर मुंडकी. एकाच्या डोक्यावर पानांची माळ, पण गालावर आडवी चीर, कुणी छिन्नी मारल्यासारखी. दुसऱ्याच्या डोक्यावर टोकाटोकांचा मुकुट. हा सूर्यनारायण, असं मी बघताक्षणी ठरवून टाकलं. घरात दहावी शिकलेली मी एकटी, त्यामुळं ठरवायचा मक्ता माझाच!

खंडित मूर्ती देवघरात ठेवत नाहीत. वर्षभर ती चीर मला खुपत राहिली; एक दिवस सासूबाई खुरपायला गेल्या होत्या. मी चिरलेल्या देवाला दहीभात दाखवला, विहिरीवर गेले आणि दिला सोडून पाण्यात. संध्याकाळी त्यांना ऐटीत सांगितलं. त्या देवघराकडं बघत राहिल्या, “बरं” म्हणाल्या आणि चुलीपुढं जाऊन बसल्या. मला वाटलं, सुनेचं ज्ञान बघून दिपल्या.

राहिलेला सूर्यनारायण मी दर दसऱ्याला चिंच आणि राख लावून घासायची. हळूहळू त्याच्या नाकाचा शेंडा लाल दिसायला लागला. कुंकू मुरलंय समजून मी आणखी जोरात घासलं.

परवा नात आली. धाराशिवला कॉलेजात इतिहास शिकते. नाणं उन्हात धरून हसायलाच लागली.

“आज्जी, अगं हा देव न्हाय. रोमचा बादशहा हाय.”

“आणि नाक लाल कशानं?”

“आतलं तांबं उघडं पडलंय. आधीच्या नाण्यांत जवळजवळ निखळ चांदी असायची. पुढं राजांना खर्च भागेना, मग चांदी कमी करत गेले. शेवटी आत तांबं आणि वर चांदीचा नुसता पापुद्रा. असला टोकांचा मुकुट दिसला की समजायचं, उतरत्या काळातलं नाणं.”

“आणि पानांची माळ? गालावर चीर?”

“ते जुनं, चांगलं. चांदी आतपर्यंत हाय का बघायला व्यापारी छिन्नी मारायचे. चिरेत पांढरं दिसलं की अस्सल.”

चिरेत पांढरंच होतं. मला अजून दिसतं.

डोक्यात तिडीकच गेली. आतून चांदी काढून घ्यायची, तांबं भरायचं आणि वर स्वतःचं थोबाड मुकुट घालून छापायचं? दुधात पाणी घालणारा निदान त्यावर आपला फोटो तरी लावत नाही! आणि ती दहावी पास भवानी? आज समोर आली तर झिंज्या उपटीन तिच्या.

ओसरीत बाजेवर पडलेल्या सासूबाई सगळं ऐकत होत्या. नव्वदी उलटली, पण कान शाबूत. तिथनंच म्हणाल्या, “तेरला पांढरीत, जुन्या गावठाणाच्या मातीत, नांगरताना माज्या बापाला गावली व्हती दोनी. सासरी येताना हातावर ठिवली त्यानं. दुसरं काय व्हतं त्याच्यापाशी?”

मी उठून बाजेपुढं गेले.

“आत्याबाई, बापाची आठवण व्हती तर तवाच का न्हाय बोललात? ‘बरं’ म्हणून गप बसलात! झाडूनं मारायचं व्हतं मला. विहीर उपसून घेतली असती. आता ती बुजवून वर गोठा बांधलाय, कुठं शोधू मी?”

नात माझा हात ओढत होती. मी काही थांबले नाही. “सांगा की! एवढी वर्षं माझ्या हातनं तांब्याची पूजा करून घेतली. का न्हाय बोललात?”

सासूबाईंनी कूस बदलली.

“बोलले असते तर तू त्याच पावली हिरीत उतरली असतीस. आठवा म्हैना लागला व्हता तुला. मग म्या नानं हुडकत बसले असते, का तुला?”