वैनी सायकल शिकायला आल्या तेव्हा

मी देवबागला राहते आणि रोज सायकलने मालवणला जाते. माझी ओळख खरं तर एवढ्यातच संपते. पण सावंतवाडीला पंचवीस-तीस माणसांसमोर उभं राहून ती सांगायची वेळ आली, तेव्हा मी जरा लांबवली. ऐकणारे होते, आणि सायकलबद्दल मला कधी कोणी काही विचारलंच नव्हतं.

तिथे मी पोचले ती एका दातांच्या डॉक्टरांमुळे. ते मालवणचे. रोज सकाळी तारकर्लीच्या रस्त्यावर त्यांची पातळ चाकांची सायकल समोरून सुंकन येते आणि निघून जाते. मी माझ्या गतीने, मागे कॅरिअरला ट्यूबच्या पट्टीने बांधलेला माशांचा डबा घेऊन. बरेच महिने आमचं बोलणं मान हलवण्यापुरतंच होतं. एक दिवस ते थांबले आणि म्हणाले, "रविवारी सावंतवाडीला तळ्याकाठी जिल्ह्यातले सायकलवाले जमणार आहेत. तुम्हीही चला. तुमची सायकल माझ्या गाडीला मागे बांधू."

मी म्हटलं, "मी बाजाराला जाते हो डॉक्टर. सायकलवाली कसली?"

"रोज जाता ना? मग चला."

गेले. तळ्याकाठी सगळे गोल करून उभे होते. एकेकाने पुढे यायचं, गाव सांगायचं, सायकल कधी आणि कशी चालवतो ते सांगायचं. कोणी उजाडायच्या आधी घाट चढून येणारे, कोणी शाळेत शिकवायला सायकलने जाणारे. एका मुलीने सांगितलं की तिला सायकलवर गाणी ऐकायला आवडत नाहीत, चाकाचा आवाजच बरा वाटतो. ते मला फार पटलं.

माझी पाळी आली. मी सांगितलं की आमच्या घरी पाहुण्यांसाठी तीन खोल्या आहेत, नवरा पर्यटकांना होडीतून फिरवतो, आणि पाहुणे झोपेत असताना मी मालवणहून मासळी आणि भाजी घेऊन परत येते. घरी आले की पहिलं काम सायकल विहिरीच्या पाण्याने धुवायची, पुसायची, आणि साखळीला शिवणयंत्राचं तेल सोडायचं. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत न धुतलेली सायकल दोन पावसाळे काढत नाही. माझी इतकी वर्षं चालली आहे. हे शेवटचं मी जरा ऐटीतच सांगितलं.

माझ्यानंतर इन्सुलीचे एक गृहस्थ पुढे आले. एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त झाल्यावर सायकल घेतली, आता रोज सकाळी गोव्याच्या हद्दीपर्यंत जाऊन येतात. ऐकायला मजेदार माणूस. ते मागे सरकले आणि ओळखी संपल्या असं सगळ्यांना वाटलं. मात्र बाकावर एक बाई बसल्या होत्या, साठी ओलांडलेल्या, मांडीवर चार-पाच जणांच्या पिशव्या सांभाळत. सूत्रसंचालन करणारा तरुण नुसत्या सौजन्याने म्हणाला, "काकी, तुम्हीपण सांगा ना."

बाईंनी पिशव्या बाजूला ठेवल्या आणि उठल्या.

"मी यांची बायको. इन्सुलीहून आले. मला सायकल येत नाही." इतकं त्या पुस्तकातल्यासारखं बोलल्या आणि मग त्यांची घरची भाषा सुरू झाली. "पण माका शिकाची आसा. हे रोज हद्दीपर्यंत जावन येतत. आणि माका भयणीकडे जावचा झाला तर ह्यांच्या मोटरसायकलीवर पाठी बसाक होया, नायतर रिक्षावाल्याक फोन. भयण लांब नाय, हायवेच्या पलीकडच्या वाडीत आसा. म्हणान माका शिकाची आसा. झाली माझी ओळख."

लोक हसले. वाईट हसणं नव्हतं ते, पण त्यांचे यजमान थोडे गडबडले. म्हणाले, "या वयात हाड मोडला तर उशाशी बसणार कोण?"

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. गोलातल्या माणसांकडे बघत उभ्या राहिल्या. कोणीतरी काहीतरी म्हणेल असं त्यांना वाटत असावं. मी म्हटलं, "वैनी, देवबागाक येवा. मी शिकवतंय."

"कधी येव?"

"होया तेव्हा."

"भाऊ," मी त्यांच्या यजमानांना म्हटलं, "आमच्याकडे वाळू आसा. पडल्या तरी मऊ पडतल्या."

मी त्याआधी कोणाला सायकल शिकवली नव्हती. पण मी स्वतः लग्नानंतर, दोन मुलांची आई झाल्यावर शिकले होते, त्यामुळे मोठ्या बाईला नेमकं कशाचं भय वाटतं ते मला ठाऊक होतं. पडायचं नाही वाटत. लोक बघतील त्याचं वाटतं.

आठवडाभरात वैनी एसटीने आल्या. एक पिशवी कपड्यांची आणि एक घरच्या काजूगरांची. चहा झाल्यावर म्हणाल्या, "सायकल खंय?"

सुकती लागली, म्हणजे ओहोटी आली, की आमच्या किनाऱ्यावरची ओली वाळू रस्त्यासारखी घट्ट होते. तिथे मी त्यांना नेलं. माझी सायकल बायकांची, मधे दांडा नसलेली. सीट एकदम खाली घेतली आणि पान्याने दोन्ही पॅडल काढून ठेवले. वैनींनी साडी खोचली, सायकलवर बसल्या आणि दोन्ही पायांनी वाळू ढकलत चालू लागल्या.

"ही सायकल काय गो? ह्यां तर चालणाच झाला."

"चलत ऱ्हवा. पाय उचलाक जमतले तेव्हा उचला."

डोक्यावर गवताचे भारे घेऊन शेताच्या बांधावरून चाललेली बाई ती. तोल तिला मी काय शिकवणार? दुसऱ्या दिवशी त्यांचे पाय बराच वेळ वर राहू लागले. अडचण एकच होती, त्यांची नजर पुढच्या चाकाला चिकटलेली. मी म्हटलं, "खाली बघू नका. ती समोर ओढलेली होडी दिसता? तिच्याकडे बघा."

त्यांनी होडीकडे बघितलं. इतकं मन लावून बघितलं, की सरळ जाऊन होडीवर आदळल्या.

जिथे बघतो तिथे सायकल जाते, हे मला माहीत होतं आणि सांगायचं राहून गेलं होतं. पर्यटकांना बनाना राइडवर बसवणारी दोन पोरं धावत आली. त्यांनी वैनींना उठवलं. गुडघा सोलला होता, मनगट सुजायला लागलं होतं. एका पोराच्या ओठांवर हसू आलं, वैनींनी ते बघितलं. त्या होडीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "माका घराक जावचा आसा."

मी काही समजूत घातली नाही. घरी आणलं, गुडघ्याला औषध लावलं, मनगट पट्टीने बांधलं. सकाळची पहिली एसटी कधी ते सांगितलं. जेवणं झाल्यावर त्यांच्या यजमानांचा फोन आला. मी बाजूलाच भांडी लावत होते. वैनी फोनवर म्हणत होत्या, "बरा चल्ला. नाय, पडाक नाय. पडान कशाक?"

ते ऐकल्यावर मी सकाळच्या गाडीचा विषय पुन्हा काढला नाही. त्यांनीही काढला नाही.

एक दिवस मनगटाला विश्रांती दिली. त्या दिवशी त्या ओट्यावर बसून माझं काम बघत होत्या. मी बाजारातून आल्यावर सायकल धुतली तेव्हा फडकं त्यांनी मागून घेतलं आणि चाकाची एकेक तार पुसली. बाजाराला जायचं म्हणून मी पॅडल परत बसवले होते. ते त्यांनी हाताने गरागरा फिरवून बघितले.

पुढच्या सकाळी मी पाहुण्यांच्या नाश्त्यात गुंतले होते. आंबोळ्या तव्यावर होत्या. पुण्याच्या एका पाहुण्याने किनाऱ्याकडे हात करून विचारलं, "त्या तुमच्या मावशी कुठे निघाल्या?"

मी बाहेर येऊन बघितलं. वैनी सायकलवर होत्या. पॅडल मारत होत्या. साडीचा पदर कमरेला बांधलेला, पाठ ताठ, आणि संगमाच्या दिशेने सरळ चालल्या होत्या. मी हाक मारली ती वाऱ्यावर गेली. मग तवा पाहुण्यांच्या भरवशावर सोडून मी धावले. मला त्यांच्या पडण्याची काळजी नव्हती. पुढे देवबाग संपतं, एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि या बाईंना मी ब्रेक दाखवलाच नव्हता.

त्या थांबल्या नाहीत. हळूहळू हँडल पाण्याकडे वळवत नेलं आणि लाटांच्या फेसात घातली सायकल. पाण्यात चाक जड झालं, गती मेली, आणि त्या घोट्याएवढ्या पाण्यात दोन्ही पाय टेकून उभ्या राहिल्या. पडल्या नाहीत. मी धापा टाकत पोचले तर शांतपणे म्हणाल्या, "थांबाचा कसा ता तू शिकवकच नाय."

"म्हणान समुद्रात घातलास?"

"मगे खंय घालू? समोर माणसा होती."

मला हसू आवरेना. त्याही हसायला लागल्या, इतक्या की सायकल सोडून वाळूत बसल्या. मग मला खारं पाणी आठवलं आणि आम्ही दोघी सायकल ढकलत विहिरीकडे पळालो. आंबोळी करपली होती. पुण्याच्या पाहुण्याने ती उलटायचा प्रयत्न केला होता, त्याचे पुरावे ओट्यावर होते.

त्यानंतर ब्रेक, वळण, घंटी. घंटी त्यांना फार आवडली. वाळू सोडून आम्ही रस्त्यावर आलो. देवबागचा रस्ता अरुंद, समोरून रिक्षा आली तर एकाने थांबायचं. वैनी थांबायच्या नाहीत, घंटी वाजवायच्या. रिक्षावाले दोन दिवसांत त्यांना ओळखू लागले.

असेच एका सकाळी आम्ही रस्त्यावर होतो, त्या सायकलवर आणि मी मागून चालत. समोर रस्त्याच्या मधोमध एक सायकलवाला पत्ता विचारत उभा होता. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर काळा चष्मा. वैनींनी लांबूनच घंटी सुरू केली. "बाजूक होवा हो!"

तो माणूस बाजूला झाला. वैनी त्याच्याजवळून पुढे गेल्या. तो वळून त्यांच्याकडे बघत राहिला. मी जवळ आले तेव्हा त्याने हेल्मेट काढलं. इन्सुलीचे भाऊ. न सांगता, सायकल मारत आले होते.

"माका वळखूक नाय तिना," ते म्हणाले. तक्रार करत होते की कौतुक, ते त्यांनाही ठरवता येत नसावं.

भाऊ जेवायला बसले. वैनींनी वाढलेलं सुरमईचं तिखलं भातात कालवून खाल्लं. मग वैनी आत हात धुवायला गेल्यावर मला म्हणाले, "ब्रेक लावता मगे?"

"लावतत. आता लावतत."

"मी इतकी वर्सा ड्रायव्हर होतंय. हायवेवर काय काय बघलंय ता माझा माका म्हायत. म्हणान नको म्हणत होतंय."

मी विचारलं, "तुमी जातास तेव्हा वैनी काय करतत?"

 वैनी दारात उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं होतं. "वाट बघतंय," त्या म्हणाल्या. "रोज. हायवेवर मोटार करकचून थांबली की बाहेर येतंय." रागाने म्हणाल्या नाहीत. माठातलं पाणी भाऊंच्या भांड्यात ओतलं आणि खाली बसल्या.

परत जाताना दोघं बसने गेली, भाऊंची सायकल एसटीच्या टपावर टाकून. जाण्याआधी भाऊंनी माझ्या सायकलची सीट किती वर आहे ते बोटांनी मापून बघितलं. का, ते मला महिन्याभराने कळलं. सावंतवाडीच्या दुकानात त्यांनी जुनी बायकांची सायकल बघितली, रंग लावून घेतली, आणि सीट त्याच मापाला बसवून घरी आणली. वैनींनी मला फोनवर सांगितलं की रंग त्यांच्या आवडीचा नाही, पण चालेल. बहिणीकडे त्या आता मनाला येईल तेव्हा जातात. हायवे मात्र सायकल हाताने धरून, चालत ओलांडतात. भाऊंनी एवढंच मागितलं होतं आणि त्यांनी ते कबूल केलं.

यंदा आंब्याच्या दिवसांत मी इन्सुलीला गेले, डॉक्टरांच्या गाडीला सायकल बांधूनच. वैनी म्हणाल्या, चल, तुला आमचा रस्ता दाखवते. हायवे सोडून आत काजूच्या बागांमधून जाणारा रस्ता. आमचं देवबाग सपाट, समुद्राच्या पातळीचं. चढ-उतार माझ्या सायकलने आयुष्यात फारसे पाहिलेले नाहीत. चढावर दोघींनी उतरून सायकली ढकलल्या, वाटेत पडलेल्या काजूच्या बोंडांचा आंबूस वास येत होता, वैनी धाकट्या सुनेच्या नोकरीबद्दल बोलत होत्या. मग उतार लागला. लांब, वळणाचा, खाली ओहोळावरचा छोटा पूल.

मी दोन्ही ब्रेक घट्ट धरले. वैनी माझ्या बाजूने घंटी वाजवत निघून गेल्या, पदर कमरेला, पाठ ताठ, आणि वळणावर दिसेनाशा झाल्या. मला क्षणभर भाऊंचं भय कळलं. पण ते क्षणभरच होतं, कारण मी शिकवलं होतं, आणि नीट शिकवलं होतं. मी बोटं थोडी सैल केली. वारा कानात भरला, आणि तो मला आवडला.

खाली पुलाच्या कठड्याला एक पाय लावून वैनी उभ्या होत्या.

"इतको येळ?" त्या म्हणाल्या, आणि पुढे निघाल्या.