काचेची नळी

शाळेत कुणी विचारलं, "बाबा काय करतात?" की ती ठोकून द्यायची, "इंजिनियर आहेत." खरं तर बाबा रुग्णालयाच्या धुलाईघरात बॉयलरसमोर लोखंडी स्टुलावर बसून काचेच्या नळीतलं पाणी बघायचे. एकतीस वर्षं तेवढंच. पाणी दोन लाल खुणांच्या मध्ये हवं; नळी रिकामी झाली तर बॉयलर कोरडा तापून फुटायची भीती. तिथले लोक त्यांना बगळा म्हणत.

"काय बगळोबा, दिसला का मासा?"

"नाही दिसत तेच बरं," बाबा म्हणायचे.

निवृत्तीला आठ महिने उरले तेव्हा तिनेच त्यांना मोबाइल घेऊन दिला. "नुसतं बसून कंटाळत असाल हो."

"कंटाळा येतोय तोवर ठीक असतं गं. करमायला लागलं की समजावं, नजर हलली."

तिने ते हसण्यावारी नेलं. आई झाल्यापासून तिचा जीव सदा टांगणीला. मुलगा शिंकला तरी बाबांना फोन. एका मंगळवारी तो घास गालात धरून बसला होता. तिने व्हिडिओ कॉल लावला.

"बाबा, वाघ कसा खातो दाखवा याला!"

"कामावर आहे गं मी."

"दोनच मिनिटं. बसलेलेच तर असता!"

वाघ झाला, माकड झालं. वीस मिनिटांनी वाटी रिकामी झाली. आणि बाबांनी एकदम नळीकडे मान वळवली. फोन खाली पडला. पडद्यावर नुसतं छत, आणि बाबांचा कधी न ऐकलेला आवाज: "आग बंद करा! तापलाय, आता पाणी सोडू नका, फुटेल! बाहेर व्हा सगळे!"

ती त्या छताकडे बघत राहिली. ओलीचा एक डाग, एक जाळीची खिडकी. नऊ मिनिटं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच.

फुटलं काही नाही. संध्याकाळी ती धावत माहेरी गेली. कामावरच्या नोंदवहीत स्वतःच काय लिहून आलो ते बाबांनी सांगितलं: नळी रिकामी झाली, माझं लक्ष नव्हतं.

"पाण्याचा पंप बंद पडला होता ना? मग तसं लिहायचं!"

"पंप कधीतरी पडतोच. ते बघायलाच मला बसवलं होतं."

"आणि माझा फोन?"

"तो लिहायला वहीत रकाना नाही."

बाबांचं स्टूल गेलं. उरलेले महिने त्यांना चादरींच्या कोठारात घालवावे लागले. लोकांनी बगळा म्हणणंही आपणहून सोडलं. ते तिच्यावर एकदा खेकसले असते तर तिला सोपं गेलं असतं.

आता दर रविवारी ती मोबाइल घरी ठेवून त्यांच्याकडे जाते. दोघं खिडकीशी बसतात. थोड्याच वेळात तिची बोटं चुळबुळायला लागतात, नसलेला फोन चाचपतात.

"कंटाळलीस?" ते विचारतात.

"हो," ती खाली बघत म्हणते.

"मग बस अजून."