हसू थांबलं तेव्हा

आमच्या फिल्म क्लबात रविवारी दुपारी एक जुना इंग्रजी कृष्णधवल सिनेमा दाखवला. त्यात एक गोडबोल्या गृहस्थ लोकांची गुपितं हुडकून त्यांना धमकावतो. ते त्याला मारायला निघतात आणि दर वेळी त्यांचीच फजिती होते. आम्ही पोट धरधरून हसत होतो. तेवढ्यात त्याने पडद्यावरून थेट आमच्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "तुमचं मला सगळं ठाऊक आहे."

सभागृह गप्प झालं. क्षणभरच, पण केवढी ती शांतता! साठ-सत्तर माणसं, प्रत्येकाच्या आत एकेक बंद खोली, आणि सगळ्या खोल्यांच्या कड्या कुणीतरी एकदम वाजवल्या.

नंतर चहा घेत चर्चा करायचा आमचा रिवाज. एरवी पात्रांवरून तावातावाने भांडणारे सगळेजण त्या दिवशी फक्त कॅमेऱ्याबद्दल बोलले.

घरी येताना मी नवऱ्याला विचारलं, "अहो, तुम्ही हसायचं एकदम का थांबलात?"

चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

"तू का थांबलीस?"

मग घर येईपर्यंत आम्ही दोघंही कॅमेऱ्याबद्दलच बोललो.