मागच्या खोलीपर्यंत न पोचलेलं वायफाय

आमच्या घमापूरच्या घरात एक नियम होता. पुढच्या खोलीत बाबांची बैठक, आणि तिथे सुनेनं खुर्ची ओढून बसायचं नाही. टेलिफोनची तार आणि तिच्या जोडीनं आलेलं इंटरनेट मात्र नेमकं त्याच खोलीत. दादा नोकरीसाठी परगावी, आणि वहिनी मागच्या खोलीत.

लग्नाआधी वहिनी रोज बसनं सिहोऱ्याच्या शाळेत जाऊन गणित शिकवायची. लग्नानंतर ते सुटलं. आता एका कंपनीनं तिला इंटरनेटवरून परदेशातल्या मुलांना शिकवायचं काम देऊ केलं होतं. सोमवारी सकाळी एक चाचणीचा तास. जमला तर काम तिचं, नाहीतर दुसऱ्या कुणाचं. मी अंगणातून वायर ओढली, तर पायात येते म्हणून बाबांनी ती गुंडाळून कोनाड्यात टाकली. उरलं वायफाय.

तिच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर मीच विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स टाकलं होतं. चोरीची विंडोज या घरात चालणार नाही, असं मोठ्या तोंडानं सांगूनही झालं होतं. विकतची परवडत नव्हती, तेव्हा तत्त्व स्वस्त पडत होतं. आता लिनक्सवर चालेल असं वायफायचं बोटभर यंत्र हवं होतं, तेही खिशाला झेपेल असं. नेटवरच्या एका यादीत मॉडेल सापडलं, तेच घेऊन आलो. चालेना. उलटं करून पाहिलं तर नाव तेच, खोकं तेच, पण आतली चिप कंपनीनं बदललेली. खूण काय, तर चिकटपट्टीवरचा एक बारीक आकडा. परत द्यायला गेलो तर दुकानदार हसला.

"भैया, खुला पॅकेट वापस नहीं होगा. विंडोज डाल लो, दो मिनट का काम है."

शनिवारी वहिनी म्हणाली, "भाऊजी, टाका ना ती विंडोज, माझ्यापुरती. काहून अडून राहिले? सोमवार काही थांबून नाही राहिला."

"वहिनी, तुम्हाला यातलं कळत नाही," मी म्हणालो. गणिताच्या बाईला मी हे म्हणालो.

रविवारभर कुठून कुठून त्या यंत्राचे ड्रायव्हर प्रोग्रॅम उतरवत, आज्ञा टाइप करत बसलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय. सोमवारी नेट दोनदा लागलं, दोनदा तुटलं. कानाला हेडफोन लावून ती इंग्रजीत विचारत राहिली, ऐकू येतंय का, ऐकू येतंय का. दुपारी कंपनीचा नकाराचा ईमेल आला. पुढच्या खोलीत बसून मीच तो वाचला आणि स्वयंपाकघरात जाऊन तिला सांगितला. "अच्छा," म्हणाली आणि तिनं पुढची पोळी लाटायला घेतली.

संध्याकाळी बाबांनी मला जवळ बसवलं. पाठीवर हात ठेवला. माझ्या निकालाच्या दिवशीसुद्धा कधी ठेवला नव्हता.

"बरं निभावलंस तू. मी नाही म्हटलं असतं तर घरात तमाशा झाला असता. सून परक्या लोकांशी बोलत बसते, हे मला पसंत नव्हतंच. आता काय, मशीनच चाललं नाही."

मी मान वर केली तर दारात वहिनी चहा घेऊन उभी. तिनं बाबांकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे पाहिलं. मी हे ठरवून केलं असं तिला वाटलं, आणि आजही वाटतं.