फंडाचा एम.ए.

"सोय झाली आहे," असं तो म्हणाला की आम्ही चाळकरी समजायचो, सोय झालेली नाही. बी.ए. झाल्यावर चारचौघांसारखी नोकरी धरायची सोडून हा गृहस्थ एम.ए.साठी गिरगावात आमच्या शेजारच्या खोलीत राहिला होता. जेवलास का विचारलं की "सोय झाली आहे" म्हणे आणि पगडी उगाच सरळ करी. पुढे पुढे माझी आई पान वाढूनच विचारू लागली.

शिष्यवृत्ती ज्ञातीच्या फंडाची. ती पंच देत, आणि पंचांना आठवण झाली की देत. म्हणून तो शीव कोळीवाड्यात एका नाखव्याला इंग्रजी शिकवायला जाई. नाखवा पन्नाशीचा, स्वतःच्या होड्या बाळगून होता. मासळीच्या कंत्राटावर न वाचता अंगठा उठवून एकदा चांगलाच फसला होता, तेव्हापासून साहेबाची भाषा शिकायचं त्याने मनावर घेतलं. तो फी मात्र वेळच्या वेळी देई.

फंडाच्या विद्यार्थ्याला वर्षातून एकदा पंचांपुढे उभं राहावं लागे. परीक्षेची फी भरायची वेळ तोंडावर आली असताना ह्याची पाळी आली. मी सोबत गेलो. कोळीवाड्याची बातमी आमच्याआधीच पोचली होती.

"तिथे पाणी प्यालास म्हणे," एक पंच म्हणाले.

दुसरे म्हातारे पंच दयाळू होते. फळाला विटाळ नाही, ही पळवाट सगळ्यांनाच ठाऊक. ते म्हणाले, "अरे, शहाळं असेल. होय ना?"

नुसतं होय म्हणायचं होतं.

"पहिल्या दिवशी शहाळंच होतं," तो म्हणाला. "मग माडावर चढणारा आजारी पडला. तेव्हापासून पाणी."

"प्रायश्चित्त घे."

"घेतो. पण मी दर आठवड्याला जातो. वर्षाचं एकदम घेतलं तर चालेल का?"

तो चेष्टा करत नव्हता, हेच दुर्दैव. शिष्यवृत्ती त्याच बैठकीत बंद झाली. जिना उतरताना मी त्याला वाटेल ते बोललो. 

परीक्षेची फी शेवटी नाखव्याने दिली, तीही शिकवणीची आगाऊ फी म्हणून, कारण फुकटचा पैसा हा घेईना. परीक्षा उंबरठ्यावर आली तरी तो शीवला जाऊन धडे देतच होता.

आणि पास झाला. पंचांनी लगोलग 'आपल्या फंडाचा एम.ए.' म्हणून सत्कार ठरवला. पानसुपारी आली, हार आला, मंडळी जमली, सत्कारमूर्तीचा पत्ता नाही. मला शीवला पिटाळलं.

नाखव्याच्या अंगणात दोघं बसले होते. नाखवा इंग्रजी वर्तमानपत्र मांडीवर घेऊन, निकालातलं मास्तरचं नाव अक्षर अक्षर लावून वाचत होता.

"चल रे, लोक खोळंबलेत," मी म्हणालो.

"आगाऊ फीतले धडे राहिलेत," तो म्हणाला. "आज जमणार नाही."

परत येऊन मी पंचांना सांगितलं, त्याला ताप आहे. प्लेगचे दिवस होते. कोणी जास्त चौकशी केली नाही. पुढे तो वऱ्हाडात मास्तरकी करायला गेला आणि मुंबईला फिरकला नाही. मला त्याची फार आठवण येते. डोळ्यांपुढे येतो तो त्या अंगणातलाच. नाखवा नावाच्या शेवटच्या अक्षरापर्यंत पोचतो आणि विचारतो, "मास्तर, बराबर वाचलं ना?"

"बरोबर आहे," तो म्हणतो. मग मान खाली घालून, "पुन्हा एकदा वाचा."