देवीची तहान

पनवेलच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात देवीशी कधीच न बोललेलं माणूस एकच होतं, ते म्हणजे चांगुणा. आणि देवी यायची ती नेमकी चांगुणाच्याच अंगात. चैत्रातल्या जत्रेला भर दुपारी ती घुमू लागली की सगळा वाडा देवीला डोळे भरून पाहायचा, गाऱ्हाणी घालायचा, कौल मागायचा. चांगुणाला त्यातलं काहीएक आठवत नसे. "सगल्यांनी तिला बगितली, बाय. मीच नाय बगितली. ती येते तवा मी घरात नसते," ती म्हणायची, आणि 'घरात' म्हणताना छातीवर हात ठेवायची.

लग्न होऊन मी पनवेलला आले ते साल पन्नास-एक्कावन्न असेल. आमचे हे मामलेदार कचेरीत कारकून. माझे वडील पक्के नास्तिक, त्यामुळे माहेरी देव्हाराच नव्हता, आणि सासरीही मी तो मांडला नाही. चांगुणा मासळी घेऊन दारी यायची. मी भाव पाडून मागितला की पाटी डोक्यावर घेऊन तरातरा निघायची, आणि फाटकापाशी थांबून ओरडायची, "बोलव ना मना परत! किती चालवशील म्हातारीला?" मग आम्ही दोघीही हसायचो आणि जिताडा मासा तिने सांगितलेल्या किमतीलाच माझ्या घरात यायचा.

एकदा मी तिला चिडवलं, "मावशी, माझ्या घरात देव नाही. तुझी देवी माझ्यावर कोपेल का गं?"

"कोपायला ती काय फौजदार हाय? भिऊन हात जोडायचे ते फौजदाराला. काय पायजे म्हनून जोडायचे ते सावकाराला. तिला कशाला?"

"मग तिला कशासाठी जोडायचे?"

खवले काढता काढता तिचा हात थांबला. "कशासाठी काय? आपलं मानूस हाय ती."

"आणि ती नसलीच तर?"

"नसंल तर नसंल. तिचा ओटा झाडला म्हनून माझा हात झिजतो का?"

पुढे एका वर्षी नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्याच फेरीला तिचा एकुलता एक धर्मा उरणच्या पुढे समुद्रात मचव्यासकट नाहीसा झाला. दोघा सोबत्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली, धर्माचं लागलं नाही. त्याची बायको मथुरा विशीचीही नसेल. मंगळसूत्र ठेवायचं की उतरवायचं, हे त्या पोरीला कुणी सांगेना. वाड्यातले म्हणाले, चैत्रात देवीलाच विचारू.

जत्रेच्या आदल्या दिवशी चांगुणा माझ्या ओट्यावर येऊन बसली. पाटी नव्हती. "माझ्याच तोंडून आलं, तर ते देवीचं का माझ्या जिवाचं, कसं कळनार गो? आन आमची मानसं मना बरं वाटंल तेच सांगतील. तू मानत नाय. तू चल. ऐक, आन जसंच्या तसं सांग."

मी गेले. देऊळ कसलं, खाडीच्या बांधावर शेंदूर फासलेला एक दगड आणि पुढे ओटा. ओहोटी लागलेली. चिखल उन्हात चकाकत होता, तिवराच्या झुडपांचं पानसुद्धा हलत नव्हतं. ढोल एकाएकी थांबला आणि ओट्यावर घुमणाऱ्या थोराड, राकट चांगुणाच्या तोंडून सात-आठ वर्षांच्या मुलीचा आवाज आला. माझ्या अंगावर काटा आला, आणि काटा आला म्हणून स्वतःचा रागही आला.

"तान लागलीय," तो आवाज म्हणाला. "पानी द्या."

पाण्याने भरलेली कळशी तिच्या हातभर अंतरावर होती. कुणी हललं नाही. शेजारचा एक म्हातारा माझ्या कानाशी कुजबुजला, "दर साली मागते. पानी प्याली का ती जाते. म्हनून सगल्यांचं झाल्यावर द्यायचं."

लोक विचारत राहिले. हरवलेलं जाळं, मुलीचं लग्न, भावकीतला तंटा. दर उत्तराआधी ती पाणी मागायची आणि दर वेळी आवाज आणखी बारीक व्हायचा. शेवटी कुणीतरी धर्माचं विचारलं. तिने मान वळवली. डोळे उघडे होते, पण ते कुणाकडेच बघत नव्हते.

"पानी द्या, मग सांगते."

"आधी सांग!" चार-पाच जण ओरडले.

"पानी..."

"आधी सांग!"

लहान मूल रडतं तशी ती रडली आणि ओट्यावर कोसळली. उत्तर मिळालंच नाही.

संध्याकाळी चांगुणा माझ्या घरी आली तेव्हा मी तिला सगळं जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, ती धर्मासाठी रडेल. तिने एवढंच विचारलं, "पानी मागत होती?"

"हो."

"दर साली?"

"म्हातारा म्हणाला, दर साली."

तिने स्वतःचा गळा हाताने चाचपला. "मना कुनी सांगितलंच नाय," ती म्हणाली.

पुढच्या चैत्रात देवी चांगुणाच्या अंगात आली नाही. ती आली मथुरेच्या अंगात. तोच आवाज, तसाच. सासूचं ऐकून ऐकून उचलला असेल, असं मी मनाला समजावलं, मन ऐकेना. चांगुणा आयुष्यात पहिल्यांदा गर्दीत उभी होती, आणि गर्दी तिला पुढे ढकलत होती. "विचार, चांगुणा! धर्माचं विचार!"

ती ओट्यापाशी जाऊन गुडघ्यांवर बसली. त्या चेहऱ्याकडे बघत राहिली. "माझा ध..." एवढं तिच्या तोंडून आलेलं मी ऐकलं.

"तान लागलीय," आवाज म्हणाला.

चांगुणाने कळशी उचलली. म्हातारा धावला, तिचा दंड धरून ओरडला, "जाईल ती! धर्माचं ऱ्हाईल!" तिने कोपराने त्याला दूर लोटलं, एक हात त्या डोक्यामागे घातला आणि कळशी ओठांना लावली. घोट गिळल्याचा आवाज तेवढा येत होता. कळशी रिकामी झाली. ओल्या हाताने चांगुणाचा गाल चाचपत तो लहान आवाज म्हणाला, "आय." मग डोळ्यांत मथुरा परत आली आणि भेदरून इकडेतिकडे बघू लागली.

त्यानंतर देवी कुणाच्याच अंगात आली नाही. चांगुणाने देवी घालवली म्हणून वाडा तिच्याशी बोलेनासा झाला. धर्माचं काही कळलं नाही. मंगळसूत्राचं मात्र चांगुणानेच मथुरेला सांगितलं, "ठेवायचं तर ठेव, काढायचं तर काढ. कोन विचारील त्याला माझ्याकडं पाठव." रोज सकाळी ती एकटी जाऊन ओटा झाडायची आणि कळशी भरून ठेवायची.

मी अजूनही देव मानत नाही. पण चांगुणावर माझा जीव होता, आणि देवाचं नाव निघालं की मला आजही तीच आठवते. ती अंथरुणाला खिळली तेव्हा मी तिला भेटायला गेले, आणि राहवलं नाही म्हणून विचारलं, "मावशी, तेव्हा आधी धर्माचं का नाही विचारलंस?"

"विचारायचं व्हतं गो. सालभर त्येच्यासाठीच तर जगले," ती म्हणाली. "पन एवढीशी पोर तानेली समोर बसलेली. तिला मी माझं काय विचारू?"